दोष हवेचा कीं कपाटाचा?

गेल्या जुलै महिन्यांत मुंबईच्या उपनगरांतील एका महाविद्यालयांत एक समिति भरली होती. महाविद्यालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत व अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जीं अनेक महाविद्यालयें आहेत त्यांपैकीं कोणतेंहि एक वाचकांनीं मनांत धरावें, हकीकत फारशी बदलणार नाहीं. समितीपुढील विषय होता ‘निरुपयोगी वस्तूंची विल्हेवाट’. यादींत मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले पंखे, जुने संगणक अशा ओळींमागून ओळी होत्या आणि सतराव्या ओळींत ‘१६ मिलिमीटर फिल्मचा प्रोजेक्टर, एक, भिंगें, दोन’ अशी नोंद होती. कारणाच्या रकान्यांत लिहिलें होतें, ‘हवामानामुळें भिंगांस बुरशी. दुरुस्ती अशक्य.’ एका तरुण सभासदानें विचारलें कीं, खरोखरच कांहीं उपाय नाहीं काय? त्यावर एक वयोवृद्ध व सर्वमान्य गृहस्थ हंसून म्हणाले, “अहो, मुंबईच्या हवेंत माणूस टिकत नाहीं, तेथें भिंगाचें काय घेऊन बसलांत!” सर्वजण हंसले, चहा आला, आणि सतरावी ओळ मंजूर होण्याच्या बेतांत होती. प्रस्तुत लेखक त्या समितीचा एक सभासद आहे. त्यानें त्या ओळीपुरती दोन महिन्यांची मुदत मागितली व ती कांहींशा कौतुकानें देण्यांत आली. त्या मुदतींत जें पाहिलें, केलें व पटलें तें या लेखांत सांगावयाचें आहे.

मुंबईच्या हवेविषयींचें हें वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलों आहें. भिंतीचा पोपडा निघाला कीं हवा, खिडकीचा गज गंजला कीं हवा, आजोबांच्या दुर्बिणींतून धुकें दिसूं लागलें कीं हवा! हवेवर फिर्याद गुदरणें फार सोयीचें असतें, कारण हवा आपली कैफियत देत नाहीं. माझें म्हणणें असें आहे कीं, भिंगांतील बुरशीच्या बाबतींत ही फिर्याद खोटी आहे. हवा ही फार तर साहाय्यक. मुख्य अपराध कपाटाचा व त्या कपाटाची किल्ली ज्याच्यापाशीं असते त्याचा आहे. हें मी दुसऱ्या कोणावर दोषारोप करण्यासाठीं लिहीत नाहीं. आमच्या कपाटाची किल्ली कोणापाशीं होती तें पुढें येईलच.

प्रथम हवेविरुद्धचा पुरावा प्रामाणिकपणें मांडूं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत दरवर्षीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांत पडतो. त्याच वेधशाळेनें २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, हें उपनगरांतील कोणत्याहि कुटुंबास सांगण्याची आवश्यकता नाहीं. जुलै-ऑगस्टांत हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. बुरशीला याहून अधिक काय हवें? तिचे बीजकण सर्वत्र तरंगत असतात. ते भिंगाच्या नळींत शिरूं नयेत अशी योजना मनुष्यास करतां येत नाहीं. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर कांहीं दिवस टिकली, उष्णतामान १० ते ३५ अंशांच्या दरम्यान असलें, आणि थोडें खाद्य मिळालें कीं कण रुजतो. खाद्य म्हणजे तरी काय? बोटाच्या ठशांतील स्निग्धता, कापडाचा एखादा तंतु, नळींतील वंगणाचा अंश, साधी धूळ. एवढ्यावर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी कांचेवर पसरते.

तिनें होणारी हानीहि कमी लेखूं नये. भिंगाच्या कांचेवर परावर्तन कमी करण्यासाठीं जो लेप दिलेला असतो तो एका मिलिमीटरच्या सुमारें दहाहजाराव्या भागाइतका पातळ असतो. बुरशीच्या तंतूंतून जी अम्लें पाझरतात त्यांना हा लेप पोखरावयास फार काळ लागत नाहीं. पुढें खालची कांचहि कोरली जाते, आणि मग बुरशी पुसून काढली तरी तिची आकृति कांचेंत कायमची उमटलेली राहते. येथें एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भिंगांतील बुरशीचें जाळें पडद्यावर कधींच दिसत नाहीं. पडद्यावर स्पष्ट उमटते ती फितीवरील प्रतिमा. भिंगाच्या पोटांतील तंतु हे केंद्राबाहेर असल्यामुळें त्यांचा आकार उमटत नाहीं. ते फक्त प्रकाश विखरून टाकतात. परिणामीं काळें होतें तें करडें दिसतें, दिव्याच्या ज्योतीभोंवतीं प्रभावळ येते, चेहऱ्यांवर मलमलीचा पडदा पडल्यासारखा होतो. पाहणारा म्हणतो, प्रत जुनी झाली. चालविणारा म्हणतो, दिवा मंद झाला. आणि नवा दिवा बसविला कीं विखुरलेला प्रकाशहि तितकाच वाढतो. रोग भिंगाला आणि औषध दिव्याला, असा हा प्रकार वर्षानुवर्षें चालूं शकतो.

येथवर हवेविरुद्धचा खटला भक्कम दिसतो. आतां उलट तपासणी घेऊं.

त्या दिवशीं समितींत आम्ही अकरा जण होतों. त्यांपैकीं नऊ जणांच्या नाकावर चष्मा होता. चष्मा म्हणजे भिंगच. त्यावरहि आजकाल तसाच नाजूक लेप असतो. आणि तोहि याच मुंबईच्या, याच जुलैच्या हवेंत वावरत असतो. नव्हे, घामाची व स्निग्धतेची मेजवानी प्रोजेक्टरच्या भिंगापेक्षां त्यावर कितीतरी अधिक असते. असें असूनहि रोजच्या वापरांतल्या चष्म्याला बुरशी लागल्याची तक्रार कोणा वाचकानें ऐकली आहे काय? मीं तरी ऐकलेली नाहीं. त्याचें कारण उघड आहे. चष्मा दिवसांतून चार वेळां पुसला जातो, उजेडांत असतो, मोकळ्या वाऱ्यांत असतो. बुरशीला नुसती ओल पुरत नाहीं. तिला अंधार, निवांतपणा व न हलणारी हवा हवी असते, आणि या तिन्ही गोष्टी तिला पाऊस देत नाहीं, आपण देतों.

दुसरी साक्ष इतिहासाची आहे. ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा मुंबईंतील पहिला खेळ वॉटसन हॉटेलांत झाला तो ७ जुलै १८९६ रोजीं, म्हणजे भर पावसाळ्यांत. या देशांत हलत्या चित्रांचा जन्मच मुळीं दमट हवेंत झाला आहे! १९३४ सालीं हिमांशु राय व देविका राणी यांनीं बॉम्बे टॉकीजची स्थापना केली ती मालाडला. जोसेफ विर्शिंग हे जर्मन छायालेखक तेथें काम करीत होते. ‘अछूत कन्या’ १९३६ मधला, ‘किस्मत’ १९४३ मधला. त्याच १९४३ सालीं पलीकडे गोरेगांवांत फिल्मिस्तान उभें राहिलें. उपनगरांची हवा तेव्हां कोरडी होती असें कोणी म्हणणार नाहीं. शेती, तळीं व झाडी यांच्यामुळें ती आजच्याइतकी तरी ओलसर असलीच पाहिजे. तरीहि तेथें पावसाळ्यामागून पावसाळे भिंगांतून चित्रें घेतलीं जात होतीं. चित्रपटगृहांचीहि तीच कथा. दिवसाला तीन-चार खेळ, दर खेळाला कार्बनच्या अथवा पुढें झेनॉनच्या दिव्याची धग, आणि खेळ सुरू होण्यापूर्वीं ऑपरेटरच्या हातचें फडकें. एवढ्यावर भिंगें वर्षानुवर्षें निर्मळ राहत असत. महाराष्ट्राच्या जत्रांतून तंबूचा सिनेमा घेऊन हिंडणाऱ्या लोकांपाशीं तर ना वातानुकूलन होतें ना पोलादी कपाट. १९९० च्या सुमाराची यंत्रें म्हणूं नका, त्याहून कितीतरी जुनीं यंत्रें त्यांनीं चालतीं ठेविलीं; शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या २०१६ मधील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटांत ही दुनिया पाहावयास मिळते. त्यांच्या भिंगांना धूळ मिळाली, धक्के मिळाले. मिळाला नाहीं तो एकान्त.

तिसरी साक्ष माझीच आहे, आणि ती माझ्याविरुद्ध जाते.

आमच्या महाविद्यालयांत हा प्रोजेक्टर दर शनिवारीं चालत असे. मी विद्यार्थी असतांना याच यंत्रावर आम्हीं ‘पथेर पांचाली’ पाहिला. त्या काळीं मुंबईंत प्रभात चित्र मंडळासारख्या, १९६८ पासून काम करणाऱ्या संस्थांमुळें चित्रपट हा गंभीरपणें पाहण्याचा विषय आहे ही जाणीव उपनगरांपर्यंत पोहोंचली होती, आणि सोळा मिलिमीटरच्या प्रति हें तिचें वाहन होतें. यंत्र चालवीत ते आमच्या प्रयोगशाळेंतील एक सेवक. आम्ही सर्व त्यांना मामा म्हणत असूं. ते फारसे शिकलेले नव्हते. धुतलेल्या जुन्या मलमलीचा तुकडा त्यांच्या सदऱ्याच्या खिशांत असे. खेळ आटोपला कीं दिवा मालवून यंत्र थंड होईपर्यंत ते स्वस्थ बसत आणि मग भिंग पुसून, उघड्या मांडणीवर, पंख्याच्या वाऱ्यांत ठेवीत. पावसाळ्यांत सुट्टी आली तरी आठवड्यांतून एकदां येऊन ते नुसता दिवा लावून यंत्र अर्धा तास चालवीत. हा वेडेपणा आहे असें आम्हां पदवीधरांस वाटे.

२००९ सालीं मामा निवृत्त झाले. तेव्हां विभागाची जबाबदारी माझ्याकडे होती. इतकी किंमती वस्तु उघड्या मांडणीवर राहणें मला बेजबाबदारपणाचें वाटलें. मीं दोन्ही भिंगें त्यांच्या मूळच्या मखमली अस्तराच्या चामडी डब्यांत घातलीं, डबे प्लास्टिकच्या पिशवींत बांधले, आंत सिलिका जेलची पुडी टाकली, आणि सर्व पोलादी कपाटांत ठेवून किल्ली आपल्या टेबलाच्या खणांत टाकली. निरोप घेतांना मामा म्हणाले, “सर, ह्याला कोंडूं नका. आठवड्यांतून एकदां तरी उजेड दाखवा.” मीं मान डोलावली. मी प्रकाशविज्ञान शिकवितों. भिंगाचें सूत्र फळ्यावर मीं हजारदां तरी लिहिलें असेल. ज्या खोलींत मी तें लिहीत होतों तिच्या शेजारच्याच खोलींत तें कपाट होतें, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ मीं तें उघडलें नाहीं. २६ जुलैचा पूर त्या यंत्राला शिवला नव्हता. तें दुसऱ्या मजल्यावर कोरडें होतें. पुरानें जें केलें नाहीं तें माझ्या व्यवस्थितपणानें केलें.

मीं जें जें संरक्षण म्हणून केलें तें तें बुरशीच्या पथ्यावर कसें पडलें हें पाहण्यासारखें आहे, कारण माझी खात्री आहे कीं अनेक सुशिक्षित घरांत अगदीं हेंच चाललें आहे. चामडें व मखमल हीं बुरशीचीं आवडतीं भक्ष्यें; त्यांत भिंग ठेवणें म्हणजे दाण्याच्या कणगींत उंदीर सोडणें होय. प्लास्टिकची पिशवी बाहेरची ओल रोखते हें खरें, पण ती बांधली त्या दिवशींची ओल आंतच कोंडते. सिलिका जेल ओल शोषतें, पण त्याची शक्ति अमर्याद नसते; तें तृप्त झालें कीं निकामी होतें, आणि तापवून पुन्हां कोरडें केल्याशिवाय कामास येत नाहीं. निळ्या जातीचें जेल तृप्त झालें कीं गुलाबी होतें. माझी पुडी गुलाबी होऊन किती वर्षें लोटलीं असतील हें सांगावयास त्या कपाटांत कोणी नव्हतें. शिवाय कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून होतें, आणि आमच्या इमारतीची ती भिंत आषाढांत कशी होते हें मला ठाऊक होतें.

त्यांत वातानुकूलनाची भर पडली. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, थंड खोलींत ठेविलें म्हणजे वस्तु सुरक्षित. दिवसरात्र अखंड चालणाऱ्या यंत्रणेबाबत तें बऱ्याच अंशीं खरें आहे. पण आमचें सभागृह पाहुणे आले म्हणजे थंड होतें आणि पाहुणे गेले म्हणजे बंद होतें. बाहेर २८ अंश उष्णतामान व ८५ टक्के आर्द्रता असतां दंव पडण्याची मर्यादा सुमारें २५ अंशांची असते. २२ अंशांपर्यंत थंड झालेली कांच त्या हवेंत आली कीं तिच्यावर तात्काळ दंव धरतें. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरतें तसेंच. तें बाहेरून पुसतां येतें, भिंगाच्या पोटांतलें पुसतां येत नाहीं. म्हणजे अधूनमधून चालणारें वातानुकूलन हें भिंगाला दर समारंभागणिक एकेक स्नान घालतें.

“ठीक आहे,” असें एक पक्ष म्हणेल, “चूक झाली. पण आतां इलाज नाहीं ना?” हें म्हणणेंहि खरें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत न्यू गिनीच्या जंगलांत लढणाऱ्या सैन्यांच्या दुर्बिणी व इतर प्रकाशीय यंत्रें बुरशीनें आंधळीं होऊं लागलीं, तेव्हां ‘हवाच तशी आहे’ म्हणून त्यांना गप्प बसतां येईना. मेलबर्न विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ कामास लागले. यंत्राच्या आंतच बुरशीनाशक द्रव्य ठेवण्याच्या त्यांच्या उपायाचा वृत्तांत १९४६ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत आला. न्यू गिनीचें जंगल मुलुंडपेक्षां कोरडें खास नाहीं. फरक एवढाच कीं त्यांना त्या दुर्बिणींतून पाहावयाचें होतें.

आपल्यासाठीं तर उपाय त्याहून पुष्कळ सोपे आहेत. हवेंतील ओल काढून टाकणें हा एक मार्ग. पण ती हवा थोडी उबदार करणें हाहि तितकाच चांगला मार्ग आहे. तीच २८ अंशांची व ८५ टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३५ अंशांपर्यंत तापविली तर तिची आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते, आणि बुरशीचा मार्ग खुंटतो. कपाटांत खालच्या बाजूस एक लहान, धग देणारा दिवा सुरक्षितपणें बसवावा, वर-खालीं हवा खेळावयास भोंकें ठेवावीं आणि आंत एक आर्द्रतामापक टांगावा, झालें! ज्यांना ऐपत आहे त्यांच्यासाठीं आर्द्रता आपोआप राखणारीं विजेचीं छोटीं कपाटेंहि बाजारांत मिळतात. एखाद्या समारंभांतील हारतुऱ्यांचा खर्च वांचविला तर महाविद्यालयाला हें जड जाऊं नये. मात्र फितीचीं रिळें या उबदार कपाटांत ठेवूं नयेत. भिंगाला ऊब चालते, फितीला थंडावा व कोरडेपणा लागतो.

येथें एका उत्साही वर्गास इशारा देणें अवश्य आहे. बुरशी दिसली कीं कोणी स्पिरिटचा बोळा फिरवितो, कोणी दांतांची पेस्ट घासतो, कोणी भिंग उन्हांत ठेवतो. पेस्टनें लेप खरवडला जातो. स्पिरिटनें भिंगाच्या कडेचा काळा रंग विरघळून मध्यभागीं पसरूं शकतो. आणि उन्हांत ठेविलेलें भिंग ऊन एकवटून खिडकीचा पडदा पेटवूं शकतें, हें आमच्या शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. जुन्या भिंगांत दोन कांचा कॅनडा बाल्सम नांवाच्या झाडाच्या डिंकानें जोडलेल्या असतात; तेथें अडाणी हात लागला तर जोड सुटतो. बुरशी बाहेरच्या कांचेवर असेल तर स्वच्छ मऊ कापडानें हलक्या हातानें काढावी. आंत असेल तर भिंग उघडण्याचें काम जाणत्या कारागिराकडे द्यावें. तो अमोनिया व हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखीं द्रव्यें बेतानें वापरील. तें आपलें काम नव्हे.

दुसरा पक्ष अधिक आधुनिक आहे. तो म्हणतो, “आतां फीतच राहिली नाहीं, मग भिंगाचा सोस कशाला?” २०१० नंतरच्या थोड्याच वर्षांत आपल्या चित्रपटगृहांतून फीत जवळजवळ नाहींशी झाली, हें मला मान्य आहे. पण फीत वापरांतून गेली म्हणून जगांतून गेली असें नव्हे. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवच्या मॅजेस्टिकमध्यें ‘आलम आरा’ झळकला. आपल्या पहिल्या बोलपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तेव्हां बराच उशीर होऊन गेलेला होता. आणि ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांतच, जुन्या प्रभातच्या आवारांतील कोठाराला आग लागून नायट्रेट फितींचा सांठा भस्म झाला. अशा देशांत महाविद्यालयांच्या, संस्थांच्या व घरांच्या कपाटांतून जीं चार रिळें उरलीं आहेत तीं पाहण्याचें साधन आपल्या हातानें भंगारांत घालणें हें आधुनिकतेचें लक्षण नव्हे. आणि ज्याला फितीचें मुळींच सोयरसुतक नाहीं त्यालाहि एवढें सांगेन कीं, सभागृहाच्या छताला टांगलेल्या नव्या डिजिटल प्रोजेक्टरलाहि भिंगच असतें. आंत फीत आहे कीं संगणक हें कांचेला कळत नाहीं, बुरशीलाहि कळत नाहीं. आज जी संवय जुन्या यंत्राला मारते तीच उद्यां नव्याला मारणार आहे.

तिसरा पक्ष मला सर्वांत जवळचा, म्हणूनच सर्वांत धोक्याचा वाटतो. तो यंत्राचा आदर करतो. तो म्हणतो, “भंगारांत नको; कांचेच्या पेटींत ठेवूं, खालीं पाटी लावूं.” कल्याणच्या पटवर्धनांनीं १८९० च्या दशकांत शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले, तेव्हां हातानें रंगविलेल्या कांचा व दिवा घेऊन ते गांवोगांव हिंडले. प्रकाश पाडणें आणि लोकांनीं तो एकत्र बसून पाहणें, हा त्या कलेचा प्राण होता. त्या कांचा आतां वयानें इतक्या नाजूक झाल्या आहेत कीं त्यांना विश्रांति हवी, हें मी समजूं शकतों. परंतु धडधाकट प्रोजेक्टरला पेटींत बसवून त्याला नमस्कार करणें म्हणजे माझ्याच पोलादी कपाटाला कांचेचें दार लावणें होय.

असो. दोन महिन्यांच्या मुदतींत काय झालें तें सांगून संपवितों. मीं दोन्ही भिंगें अंधेरीच्या बाजूस राहणाऱ्या एका जाणत्या कारागिराकडे नेलीं. त्यानें तीं उजेडासमोर धरलीं आणि फार वेळ कांहींच बोलला नाहीं. पहिल्या भिंगांतील बुरशी लेपावरच होती, ती निघाली. दुसऱ्यांत ती कांचेंत उतरली होती. तंतु निघाले, पण त्यांचें चित्र राहिलें. त्यानें मला तें भिंग तिरपें धरून दाखविलें. पिंपळपानाच्या जाळीसारखी नक्षी होती ती. सुंदर म्हणावी अशी. तिच्यावर कांहीं इलाज नाहीं.

ऑगस्टच्या एका शनिवारीं, बाहेर पाऊस कोसळत असतां, आम्हीं यंत्र लाविलें. एक जुना माहितीपट होता, वीस मिनिटांचा. तें रीळ आधीं दुसऱ्या भिंगांतून दाखविलें. मुलें म्हणालीं, “फारच जुनी प्रत आहे, सर.” मीं कांहीं बोललों नाहीं. मग तेंच रीळ पुन्हां लावून पहिलें भिंग बसविलें. पडद्यावर एका कोळिणीचा चेहरा आला. तिच्या नाकांतील नथीचा एकेक मोती मोजतां येत होता आणि मागचें आकाश खरोखर काळें होतें. मागील बांकावरून कोणीतरी “अरेच्या!” म्हणालें. तो अर्धा तास मला माझ्या तीस वर्षांच्या फळ्यावरील सूत्रांपेक्षां अधिक शिकवून गेला. एका भिंगाचा दोष धुतला गेला. दुसऱ्याचा धुतला जाणार नाहीं, आणि तो माझ्या नांवावर आहे. मामांना बोलवावें असें मनांत होतें. पण ते आतां गांवीं असतात व त्यांना डोळ्यांनीं दिसत नाहीं.

पुढील बैठकींत सतरावी ओळ पुन्हां येईल. तेव्हां मी तीन मागण्या करणार आहें. यंत्र वगळावें व दर शनिवारीं तें चालविण्याचें काम विद्यार्थ्यांच्या एका मंडळाकडे द्यावें, ही पहिली. संस्थेच्या जडसंग्रहाच्या नोंदवहींत प्रत्येक उपकरणासमोर ‘शेवटची मोजणी’ असा जो रकाना असतो त्याच्या शेजारीं ‘शेवटचा वापर’ असा एक रकाना घालावा, ही दुसरी. सूक्ष्मदर्शकांना, दुर्बिणींना व कॅमेऱ्यांनाहि हा रकाना लागू करावा. जें भिंग तीन महिन्यांत कोणी डोळ्याला लाविलें नाहीं तें धोक्यांत आहे असें समजावें. या दोन मागण्या मान्य होतील कीं नाहीं हें मला सांगतां येत नाहीं; खर्चाचा प्रश्न निघेल, जबाबदारीचा त्याहून आधीं निघेल.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वडिलांचा कॅमेरा, आजोबांची दुर्बीण किंवा आठ मिलिमीटरचा लहान प्रोजेक्टर चामडी पेटींत ‘जपून’ ठेविलेला आहे, त्यांनीं ती पेटी या आठवड्यांतच उघडावी. भिंग तिरपें करून उजेडाकडे धरावें. निर्मळ दिसलें तर पेटी वेगळी ठेवून भिंग बाहेर काढावें, आणि घरांतल्या मुलांना त्यांतून पाहूं द्यावें. त्यांच्या हातून तें पडेल अशी भीति वाटेल. ती खरी आहे. पण पडलेलें भिंग कदाचित् वांचतें, आणि कोंडलेलें मुंबईंत बहुधा वांचत नाहीं.

तिसरी मागणी खर्चाची नाहीं, म्हणून तिच्यावर मी हट्ट धरणार आहें. त्या यादींत कारणाच्या रकान्यांत जो ‘हवामानामुळें’ हा शब्द लिहिला आहे तो खोडावा, त्या जागीं ‘न वापरल्यामुळें’ असें लिहावें, आणि त्या खोडीवर माझी सही घ्यावी.